मराठवाड्याच्या पाण्यात पहिला रोल धुताना

घरच्या घरी कॅमेऱ्याचा रोल धुण्याचा विचार मनात आला की बहुतेकांना आधी धास्ती वाटते ती अंधाराची. प्रत्यक्षात पूर्ण अंधार लागतो तो फिल्म रिळावर चढवून टँकमध्ये बंद करेपर्यंत, म्हणजे हात बसल्यावर जेमतेम पाच-दहा मिनिटे. त्यानंतरचे सगळे काम दिवसाउजेडी, स्वयंपाकघराच्या ओट्याशेजारी उभे राहूनही करता येते. मराठवाड्यात खरी परीक्षा घेते ते पाणी. ते किती गरम आहे, त्यात क्षार किती आहेत आणि ते किती वेळ नळाला राहणार आहे, या तीन प्रश्नांची उत्तरे आधी शोधली तर पहिला रोल सहसा वाया जात नाही. म्हणून या लेखात रसायनांइतकीच जागा पाण्याला दिली आहे.

सुरुवात कृष्णधवल फिल्मनेच करावी. रंगीत निगेटिव्हची सी-41 ही प्रक्रिया 38 अंश सेल्सिअसला चालते आणि तिथे अर्ध्या अंशाचा फरकही रंगांत उतरतो. कृष्णधवल प्रक्रिया त्या मानाने बरीच सोशिक आहे. फिल्म विकत घेताना डबीवर सी-41 असे छापलेले नाही ना, हे पाहून घ्यावे, कारण इल्फर्ड कंपनीची एक्सपी 2 ही फिल्म कृष्णधवल असूनही रंगीत प्रक्रियेसाठीच बनवलेली आहे. घरातल्या जुन्या कपाटात उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा एखादा ‘इंदू’ रोल सापडला, तर तो पाहून कितीही हुरूप आला तरी पहिल्या धुलाईसाठी वापरू नये. इतकी वर्षे आपल्याकडच्या उन्हाळ्यात पडून राहिलेल्या फिल्मवर करडी झाक आलेली असण्याचीच शक्यता जास्त असते आणि चूक फिल्मची की आपल्या हाताची, हे नवख्याला ओळखता येत नाही. पहिल्या रोलवर लग्नाचे किंवा बारशाचे फोटोही नकोत. घराची भिंत, अंगणातले कडुनिंबाचे झाड, गल्लीचे तोंड असे पुन्हा केव्हाही टिपता येईल असेच काही असावे.

साहित्य आणि रसायने

एक प्रकाशरोधक डेव्हलपिंग टँक आणि त्यात बसणारे रीळ ही एकमेव खास खरेदी. पॅटरसनच्या धर्तीचा प्लास्टिकचा टँक नवशिक्याला सोयीचा पडतो, कारण त्याचे रीळ दोन्ही हातांनी आलटून पालटून फिरवले की फिल्म आपोआप आत सरकते. 35 मिमीच्या एका रोलला त्यात सुमारे 300 मिली द्रावण पुरते. याखेरीज दोन मापपात्रे, गडद रंगाच्या तीन बाटल्या, कात्री, सोड्याची बाटली उघडायचा ओपनर, रबरी हातमोजे आणि थर्मामीटर लागतो. ताप मोजण्याचा थर्मामीटर इथे निरुपयोगी आहे, कारण त्याचे आकडे 35 अंशांच्या आसपास सुरू होतात. शाळेच्या प्रयोगशाळेत असतो तसा काचेचा थर्मामीटर घ्यावा. तो खरा दाखवतो की नाही, हे पाहण्यासाठी कोमट पाण्यात त्याच्यासोबत तापाचा थर्मामीटर बुडवून 38 अंशांजवळ दोघांचे आकडे ताडून पाहावेत. ही पारख एकदाच करावी लागते.

डेव्हलपर, म्हणजे फिल्मवरचे चित्र उमटवणारे रसायन, म्हणून इल्फर्डचा आयडी-11 किंवा कोडॅकचा डी-76 यांपैकी जो मिळेल तो घ्यावा. दोहोंचे मूळ सूत्र जवळपास एकच आहे आणि ते जवळजवळ शंभर वर्षे वापरात आहे. तयार पुडी मिळाली नाही तर छत्रपती संभाजीनगर, नांदेड, लातूर अशा शहरांत महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांना रसायने पुरवणारी दुकाने असतात, तिथे घटक सुटे मिळू शकतात. एक लिटर द्रावणासाठी मेटॉल 2 ग्रॅम, निर्जल सोडियम सल्फाइट 100 ग्रॅम, हायड्रोक्विनोन 5 ग्रॅम आणि बोरॅक्स 2 ग्रॅम लागते. सुमारे 50 अंशांच्या 750 मिली पाण्यात आधी चिमूटभर सल्फाइट, मग मेटॉल, ते पूर्ण विरघळल्यावर उरलेले सल्फाइट, त्यानंतर हायड्रोक्विनोन आणि शेवटी बोरॅक्स, हा क्रम मोडू नये. सल्फाइट भरपूर असलेल्या पाण्यात मेटॉल नीट विरघळत नाही, म्हणून त्याला आधी जागा द्यायची. आणि सुरुवातीची चिमूट मेटॉल हवेने खराब होऊ नये म्हणून. सर्व विरघळल्यावर पाणी घालून एक लिटर पुरे करावे. दोन ग्रॅम मोजायला किराणा दुकानातला काटा चालत नाही, सोनाराकडे असतो तसा ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा छोटा डिजिटल काटा लागतो. तरीही पहिल्या वेळी तयार पुडीच घ्यावी, असे माझे मत आहे. वजनातली चूक नंतर शोधून सापडत नाही.

मेटॉलची काहींच्या त्वचेला ॲलर्जी होते आणि हायड्रोक्विनोनची पूड श्वासावाटे आत जाणे चांगले नाही, म्हणून भुकट्या हाताळताना हातमोजे आणि तोंडावर मास्क असावा, पंखा बंद असावा. स्वयंपाकाची भांडी, चमचे, गाळणी या कामाला लावू नयेत आणि लावली तर ती परत स्वयंपाकात नेऊ नयेत. द्रावण शीतपेयाच्या बाटलीत भरून ठेवण्याची सवय फार घातक आहे, कारण उन्हातून आलेले मूल बाटली पाहते, तिच्यावरची चिठ्ठी वाचत बसत नाही.

डेव्हलपरची क्रिया थांबवण्यासाठी सौम्य आम्ल लागते. किराणा दुकानात मिळणारे लिंबूसत्त्व, म्हणजे सायट्रिक ॲसिड, लिटरला 15 ग्रॅम या प्रमाणात घेतले की काम भागते. 4 टक्क्यांचे पांढरे व्हिनेगर असेल तर त्याच्या एका भागात तीन भाग पाणी मिसळावे. फिक्सर, म्हणजे उमटलेले चित्र उजेडात कायम टिकवणारे रसायन, मात्र तयार, अमोनियम थायोसल्फेटचा, जलद प्रकारचा घ्यावा. जुन्या स्टुडिओवाल्यांचा साधा हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेटचे खडे, लिटरला 250 ग्रॅम या हिशेबाने आजही चालतो, पण त्याला वेळ जास्त लागतो आणि आम्ल त्यात गेले की त्यातून गंधक सुटून द्रावण दुधाळ होते. तो वापरायचाच असेल तर आम्लाऐवजी साध्या पाण्याने दोनदा खळखळून घ्यावे. हायपो विरघळताना पाणी कमालीचे थंड पडते, बाहेरून हात लावला तरी जाणवते. त्यामुळे तो गरम पाण्यातच विरघळवावा आणि तापमान पुन्हा मोजल्याशिवाय वापरू नये.

पाणी

फिल्मच्या कंपन्यांनी दिलेल्या वेळा 20 अंश सेल्सिअससाठी असतात. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे परभणीत पारा एक आकडी होतो आणि पाणी थोडे तापवावे लागते. परंतु फेब्रुवारी सरला की गच्चीवरच्या काळ्या टाकीतले दुपारचे पाणी हाताला चटका देते. एप्रिल-मे महिन्यांत 20 अंशांचा हट्ट धरण्यात अर्थ नाही. डेव्हलपर त्या तापमानाला आणता येतो, पण भर उन्हाळ्यात त्यानंतरची सगळी पाणी तितकीच थंड ठेवणे कठीण जाते. माझ्या मते आपल्याकडे 24 अंश हे तापमान ठरवून टाकावे आणि वेळ त्यानुसार कमी करावी.

ती कमी कशी करायची, ते एका उदाहरणाने पाहू. इल्फर्डच्या तक्त्यानुसार 20 अंशांना 4 मिनिटांचे काम 23 अंशांना 3 मिनिटांत होते, म्हणजे दर अंशाला वेळ साधारण नऊ-दहा टक्क्यांनी घटते. एचपी 5 प्लस ही 400 आयएसओची फिल्म आयडी-11 च्या मूळ द्रावणात 20 अंशांना साडेसात मिनिटे घेते. 24 अंशांना हीच वेळ पाच मिनिटांच्या आसपास येते आणि पाचाच्या खाली गेले की द्रावण ओतण्या-काढण्यातल्या काही सेकंदांचे फरकही फिल्मवर डागांसारखे उमटू लागतात. म्हणून द्रावणात तेवढेच पाणी मिसळून, म्हणजे 1+1 करून, ते वापरावे. तशी वेळ 20 अंशांना 13 मिनिटे आहे, ती 24 अंशांना सुमारे 9 मिनिटे होते आणि चुकायला थोडी जागा उरते. असे पातळ केलेले द्रावण एका रोलनंतर फेकून द्यायचे असल्यामुळे ते जुने झाले का, हा प्रश्नही उरत नाही.

तापमान राखण्याचा सोपा उपाय घरातच आहे. आदल्या रात्री माठ किंवा रांजण भरून ठेवावा. आपल्या कोरड्या उन्हाळ्यात त्यातले पाणी बाहेरच्या हवेपेक्षा बरेच थंड राहते. ते धुण्याच्या टबात ओतून त्यात डेव्हलपर, आम्लपाणी आणि फिक्सर यांच्या बाटल्या गळ्यापर्यंत बुडवून ठेवाव्यात आणि धुवायचे पाणी भरलेला मोठा डबाही त्याच टबात ठेवावा. तासाभरात सगळे एका तापमानाला येते. टबाचे पाणी अजून गरम वाटत असेल तर फ्रीजमध्ये गोठवलेली पाण्याची बाटली झाकणासकट टबात सोडावी. बर्फाचे खडे थेट डेव्हलपरमध्ये टाकू नयेत, कारण त्याने प्रमाण बिघडते.

धुवायच्या पाण्याला हे सगळे इतक्या काटेकोरपणे लागू करण्याचे कारण फिल्मवरच्या जिलेटिनच्या थरात आहे. पाण्यात हा थर फुगतो आणि मऊ पडतो. 24 अंशांच्या फिक्सरमधून काढलेली फिल्म थेट 38-40 अंशांच्या नळाखाली धरली तर थरावर बारीक सुरकुत्यांची जाळी उठू शकते आणि ती कायमची राहते. सर्व पाण्यांमधला फरक पाच अंशांच्या आत असावा, हा नियम मराठवाड्यात घड्याळापेक्षाही जास्त पाळावा लागतो.

दुसरी अडचण क्षारांची. आपल्याकडच्या काळ्या खडकातल्या बोअरचे पाणी अनेक ठिकाणी जड असते, हे गिझरच्या कॉइलवरचा पांढरा थर आणि नळाची तोटी पाहूनच कळते. अशा पाण्यात डेव्हलपर गढूळ होतो आणि वाळलेल्या निगेटिव्हवर पांढरे ठिपके राहतात. डेव्हलपर आणि फिक्सर आरओच्या जारच्या पाण्यात करावेत. शेवटच्या खळखळीसाठी मात्र डिस्टिल्ड पाणीच घ्यावे. इन्व्हर्टरच्या बॅटरीत टाकायचे पाणी म्हणून ते पाच लिटरच्या कॅनमध्ये मिळते; कॅन उचलण्यापूर्वी ते पाणीच आहे, बॅटरीचे ॲसिड नाही, याची दुकानदाराकडून खात्री करून घ्यावी.

रिळावर चढवणे

सरावासाठी एक मुदत संपलेला, वाया गेला तरी चालेल असा रोल हवा. तो आधी उजेडात, मग डोळे मिटून, मग अंधारात चढवून-उतरवून पाहावा. हात स्वतःहून चालू लागेपर्यंत खऱ्या रोलला हात लावू नये. कॅमेऱ्यातून काढलेल्या रोलचे बाहेर राहिलेले टोक उजेडातच सरळ कापून त्याचे दोन्ही कोपरे किंचित गोल करावेत, म्हणजे ते रिळाच्या खाचेत अडत नाही. टोक डबीत गेले असेल तर अंधारात ओपनरने डबीचे सपाट झाकण उचकटावे.

जागा म्हणून रात्रीची मोरी किंवा बाथरूम उत्तम. झरोक्यावर आणि दाराच्या फटीवर वाकळ लावावी, आत पाच मिनिटे उभे राहावे आणि डोळे सरावल्यावरही स्वतःचा हात दिसत असेल तर उजेड कुठून येतो ते शोधावे. गिझरचा लाल दिवा, स्विचबोर्डवरचा इंडिकेटर, हातातल्या घड्याळाचे चमकणारे काटे हे नेहमीचे चोर आहेत आणि मोबाइल तर बाहेरच ठेवावा. लोडशेडिंगच्या वेळी गल्ली काळोखी झाली म्हणून निर्धास्त होऊ नये, शेजाऱ्याचा इन्व्हर्टर असतोच. बाह्या असलेली काळी चेंजिंग बॅग दिवसाही चालते, पण मे महिन्यात तिच्यात हाताला दोन मिनिटांत घाम सुटतो आणि ओलसर फिल्म प्लास्टिकच्या रिळाला चिकटून बसते.

रीळही पूर्ण कोरडे हवे, आदल्या दिवशी धुतलेले असेल तरी पुसून उन्हात ठेवलेले. फिल्म कडांनाच धरावी, तिचे टोक रिळातल्या दोन छोट्या गोळ्यांच्या पलीकडे सरकवावे आणि मग रिळाच्या दोन बाजू उलटसुलट फिरवीत राहावे. सुरळीत चालू असताना एक बारीक, एकसारखी कुरकुर ऐकू येते. ती थांबली आणि हाताला अडथळा जाणवला तर जोर लावू नये. सगळे तसेच टँकच्या मधल्या नळीसकट टँकमध्ये ठेवून झाकण लावावे, बाहेर येऊन हात धुवून कोरडे करावेत आणि दहा मिनिटांनी पुन्हा आत जावे. शेवटी फिल्म डबीच्या दांडीपासून कापावी, रीळ मधल्या नळीवर बसवावे आणि झाकण फिरवून घट्ट करावे. ही मधली नळी विसरली तर झाकणातून उजेड थेट आत येतो आणि सगळा रोल काळा होतो, म्हणून दिवा लावण्यापूर्वी ती बोटाने चाचपून पाहावी.

प्रत्यक्ष धुलाई

ओतण्यापूर्वी एक चाचणी करावी. कापलेल्या टोकाचा तुकडा उजेडातच डेव्हलपरच्या थेंबात ठेवला आणि काही मिनिटांत तो काळा पडला, तर डेव्हलपर जिवंत आहे. दुसरा, कोरा तुकडा फिक्सरमध्ये टाकून तो पारदर्शक व्हायला किती वेळ लागतो ते मोजावे. त्याच्या दुप्पट वेळ म्हणजे आपली फिक्सिंगची वेळ.

आता 24 अंशांचा 1+1 डेव्हलपर एका दमात ओतावा आणि ओतून होताच घड्याळ सुरू करावे. टोपण लावून पहिल्या दहा सेकंदांत टँक चार वेळा सावकाश उलटा-सुलटा करावा, मग तो ओट्यावर हलकेच दोन-तीनदा आपटावा, म्हणजे फिल्मला चिकटलेले हवेचे बुडबुडे सुटतात. पुढे दर मिनिटाच्या सुरुवातीला तसेच चार वेळा. अधूनमधून टँक टबातच ठेवावा. उत्साहाच्या भरात सतत हलवत राहिले तर आकाश आणि पांढरे कपडे निगेटिव्हवर फार दाट होतात. कधीतरीच हलवले तर पट्टे उमटतात. वेळ संपायच्या दहा-पंधरा सेकंद आधी ओतायला घ्यावे, कारण रिकामे व्हायलाही वेळ लागतो.

मग अर्धा मिनिट आम्लपाणी, त्यानंतर फिक्सर. जलद फिक्सर 1+4 प्रमाणात असेल तर साधारण तीन ते पाच मिनिटे पुरतात, तरी आपल्या चाचणीची वेळ प्रमाण मानावी. फिक्सर बाटलीत परत ओतावा, तो अनेक रोलना चालतो. फिक्सिंग पूर्ण झाल्यावर झाकण उघडायला हरकत नाही आणि पहिल्या वेळी ते उघडल्याशिवाय कोणालाही राहवत नाही.

फिल्म वाहत्या नळाखाली अर्धा तास धुवावी, असे जुन्या पुस्तकांत सांगितलेले असते. ज्या लातूरला 2016 च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या लातूरच्या शेजारीपाजारी बसून असा सल्ला देणे मला तरी पटत नाही आणि त्याची गरजही नाही. इल्फर्डने सुचवलेल्या पद्धतीत टँक पाण्याने भरून पाच वेळा उलटायचा आणि ओतायचा, पुन्हा भरून दहा वेळा आणि तिसऱ्यांदा भरून वीस वेळा. तीन टँक पाण्यात, म्हणजे लिटरभरात, काम होते. मनाच्या समाधानासाठी चौथा टँक घेतला तरी दीड लिटरच्या पुढे जात नाही.

शेवटी डिस्टिल्ड पाण्यात फोटो-फ्लोसारख्या ओलावा सरकवणाऱ्या द्रवाचे काही थेंब घालून त्यात फिल्म मिनिटभर ठेवावी. दोनशे भाग पाण्याला एक भाग, इतकाच तो पुरतो. जास्त झाला की त्याचेच डाग राहतात. बोटांनी किंवा फडक्याने फिल्म निपटू नये, मऊ थरावर एक कण जरी घासला तरी लांबलचक रेघ उमटते. वरच्या टोकाला चिमटा, खालच्या टोकाला दोन चिमट्यांचे वजन, अशी ती बाथरूममध्येच टांगावी. त्याआधी तिथल्या भिंतींवर आणि फरशीवर बादलीभर पाणी मारले की धूळ खाली बसते. कूलर आणि पंखा दोन्ही बंद ठेवावेत. शिवारात तुरीची किंवा हरभऱ्याची मळणी चालू असेल त्या दिवसांत खिडकी उघडू नये, आणि पावसाळ्यात दिवाही लावू नये, कारण ओल्या जिलेटिनला चिकटलेले चिलट निगेटिव्ह न खरवडता काढता येत नाही.

वापरलेल्या फिक्सरचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो. त्यात फिल्मवरून निघालेली चांदी असते. ज्या गावात घरोघरी शोषखड्डे आहेत तिथे तो मोरीत ओतणे म्हणजे तो पुन्हा बोअरच्याच पाण्याकडे पाठवणे. वेगळ्या कॅनमध्ये साठवावा; एक्स-रेचा जुना हायपो चांदीसाठी विकत घेणारे लोक असतात, त्यांच्याकडे द्यावा. ते जमत नसेल तर त्यात स्टील वूल काही दिवस बुडवून ठेवले की चांदीचा बराचसा भाग लोखंडावर जमा होतो.

निगेटिव्ह वाचणे

वाळलेली पट्टी खिडकीशी धरून आधी चित्रे नव्हे, कडेवरची अक्षरे पाहावीत. फिल्मचे नाव आणि आकडे कारखान्यातच छापलेले असतात, त्यामुळे ते आपल्या धुलाईबद्दल खरे सांगतात. अक्षरे ठसठशीत आणि चित्रे फिकी असतील तर कॅमेऱ्यात उजेड कमी पडला. अक्षरेही फिकी असतील तर डेव्हलपिंग कमी झाले. वेळ, तापमान किंवा प्रमाण तपासावे. अक्षरे ठीक पण चित्रे मुळीच नाहीत, याचा अर्थ बहुधा फिल्म कॅमेऱ्यात सरकलीच नाही. अक्षरेसुद्धा नाहीत आणि पट्टी काचेसारखी स्वच्छ आहे, तर डेव्हलपरआधी फिक्सर ओतला गेला, बाटल्यांवर मोठ्या अक्षरांत नावे लिहावीत.

फिल्म दुधाळ दिसली तर फिक्सिंग अपुरे राहिले आहे. पुन्हा फिक्सरमध्ये घालून पुन्हा धुतली की ती ठीक होते. चंद्रकोरीसारख्या खुणा रिळावर चढवताना फिल्म दुमडल्याच्या असतात, बारीक गोल स्वच्छ ठिपके बुडबुड्यांचे. पांढुरके डाग क्षारांचे असतील तर डिस्टिल्ड पाण्यात पुन्हा भिजवून वाळवल्यावर बहुधा जातात. कडेच्या अक्षरांच्या अवतीभोवतीही करडी झाक असेल तर रोल दुचाकीच्या डिकीत उन्हात राहिला होता का, ते आठवून पाहावे.

सगळे ठीक असून आकाशे मात्र फारच दाट आली असतील, तर तो आपल्या उन्हाचा परिणाम आहे. बीबी का मकबऱ्याचा पांढरा घुमट किंवा वेरूळच्या काळ्या कातळामागचे दुपारचे आकाश अशा प्रसंगी पुढच्या रोलला एक स्टॉप जास्त, म्हणजे दुप्पट उजेड द्यावा आणि डेव्हलपिंगची वेळ पंधरा टक्क्यांनी कमी करावी; 9 मिनिटांच्या जागी साधारण पावणेआठ. वेळ, तापमान, प्रमाण आणि कोणते पाणी वापरले ते त्याच दिवशी वहीत लिहून पट्टीसोबत ठेवावे, आणि पुढच्या रोलला यांपैकी एकच गोष्ट बदलावी.